पटावरील कपट आणि पडद्याआडची गोतसभा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या पौडच्या घरीं एक लहानसें वादळ होऊन गेलें. आमच्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षें १३, संगणकाच्या जाळ्यावर परमुलखांतील खेळाडूंशीं बुद्धिबळ खेळत असतो. एके दिवशीं सकाळीं तो दूधसुद्धां न घेतां माडीवर जाऊन बसला. चौकशी करतां कळलें कीं, ज्या संस्थेच्या पटावर तो खेळे तिनें त्याचें खातें रात्रींतून बंद केलें असून, खेळांतील सचोटीचा भंग एवढेंच कारण कळविलें आहे. दोन वर्षें खपून मिळविलेलें सतराशेंचें मानांकन, खेळलेले शेंकडों डाव, ओळखीचे झालेले प्रतिस्पर्धी, सर्व एका ओळीसरशीं नाहींसें झालें.

घरांत जो संताप उसळला त्याचें वर्णन काय करावें! आमच्या वहिनींनीं, म्हणजे मुलाच्या आजीनें, "आमच्या घरांतल्या मुलाला लबाड ठरविणारे हे कोण टिकोजीराव?" असा प्रश्न सैंपाकघरांतून विचारला. पुतण्या हिंजवडीच्या माहितीउद्यानांत नोकरीस आहे. हें उद्यान आमच्याच मुळशी तालुक्यांत असलें तरी तेथें पोंचण्यास लागणारा वेळ पाहतां तें परदेशांत असावें असा भास होतो. त्यानें त्या दिवशीं कामावर जाण्याचें रहित केलें व तो आम्हांस म्हणाला, "काका, तुम्ही इंग्रजींत एक खरमरीत पत्र लिहून द्या. वकिलाची भाषा हवी." आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. कागद पुढें आला कीं आधीं पुरावा मागावयाचा, ही खोड सुटत नाहीं. आम्हीं चार दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या चार दिवसांत या विषयाची जी माहिती पुतण्याकडून व इतरत्र जमविली ती वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्या घरीं मुलें आहेत त्या घरीं हा प्रसंग आज ना उद्यां येणारच.

प्रथम हें कपट असतें तरी कसें तें पाहूं. बुद्धिबळांत ११ मे १९९७ या दिवशीं 'डीप ब्लू' नांवाच्या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्हवर सामना जिंकला, तेव्हां जगास आश्चर्य वाटलें. आज 'स्टॉकफिश' नांवाची आज्ञावलि कोणासहि फुकट मिळते, आणि खिशांतल्या दूरध्वनियंत्रावर चालणारी ही आज्ञावलि कोणत्याहि मनुष्यापेक्षां बलवान् आहे. डाव चालू असतां शेजारीं दुसरें यंत्र ठेवावयाचें, प्रत्येक खेळी त्यास विचारावयाची, आणि तें सांगेल ती आपली म्हणून खपवावयाची, इतकें हें सोपें झालें आहे. समोरचा खेळाडू हजार कोसांवर. तुमच्या मेजावर काय आहे हें त्यास कसें दिसणार?

तरीहि हें उघडकीस येतें, आणि येतें कसें तें मोठें मनोरंजक आहे. मनुष्य सोप्या जागीं झटकन् खेळतो व अवघड जागीं अडखळतो. यंत्राच्या सल्ल्यानें खेळणाऱ्यास मात्र दोन्ही खेळ्यांस सारखाच वेळ लागतो. कारण तो विचार करीत नसतो, विचारीत असतो. शिवाय अमुक मानांकनाच्या मनुष्याच्या खेळ्या यंत्राच्या पहिल्या पसंतीशीं साधारण किती वेळां जुळाव्यात, याचें गणित बसवितां येतें. अमेरिकेंत बफेलो येथील विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ रीगन यांनीं या गणिताला पुष्कळ वर्षें दिलीं आहेत. एका डावावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. परंतु डावांमागून डाव तोच चमत्कार घडूं लागला म्हणजे त्यास योगायोग म्हणवत नाहीं. आम्हां मास्तरांची परीक्षा याच्या उलट चाले. दोन मुलांचें बरोबर उत्तर सारखें आलें तर त्यांत नवल नसे. चूक सारखी आली म्हणजे आम्ही बाकें तपासूं. येथें मुलगा फार बरोबर येऊं लागला कीं संशय येतो.

बंदुकीच्या खेळांत, म्हणजे ज्यांत पांचपांच जणांच्या टोळ्या लुटपुटीची लढाई करतात त्यांत, कपटाची जात निराळी असते. कोणी आपोआप नेम धरणारी आज्ञावलि चालवितो. कोणी भिंतीपलीकडील शत्रूस पाहतो. हें दुसरें कसें शक्य होतें असें आम्हीं पुतण्यास विचारलें तेव्हां त्यानें सांगितलेलें कारण आम्हांस फार पटलें. शत्रु कोपऱ्यावरून वळतांक्षणीं पडद्यावर दिसावा, म्हणून खेळ चालविणारें मध्यवर्ती यंत्र तो कोठें आहे ही बातमी तुमच्या यंत्रास आधींच पाठवून ठेवतें. बातमी घरांत आलेलीच असते, फक्त चित्र काढलेलें नसतें. कपटी मनुष्य तें चित्र काढून घेतो. यावर खरा उपाय म्हणजे गरज लागेपर्यंत बातमीच न धाडणें; २०२० मध्यें निघालेल्या 'व्हॅलोरंट' या खेळांत तसा प्रयत्न केला आहे. पण त्याच खेळाच्या पहारेकरी आज्ञावलीस संगणक सुरू होतांच त्याच्या गाभाऱ्यांत जागा द्यावी लागते, यावरून बरीच कुरकुर झाली. चोर येऊं नये म्हणून गुरख्यास तिजोरीच्या खोलींत निजवावयाचें कीं काय, हा प्रश्न अगदींच पोकळ नाहीं.

हें सर्व ऐकतांना आम्हांस एकसारखी अर्थशास्त्राची आठवण होत होती. कौटिल्यानें तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत द्यूताचा कायदा सांगितला आहे. जुगारी बहुतेक कपटानेंच खेळतात हें त्यानें गृहीतच धरलें आहे. म्हणून खेळ एकाच नेमल्या जागीं चालावा. अन्यत्र खेळेल त्यास १२ पण दंड. कवड्या व फांसे द्यूताध्यक्षानें पुरवावे, आणि ते शुद्ध असावे. आपले फांसे हळूच घालणारास पुनः १२ पण दंड. हातचलाखी करणारास त्याहून मोठा दंड, शिवाय जिंकलेलें सर्व काढून घ्यावें. सांप्रतच्या खेळांतील मध्यवर्ती यंत्र म्हणजे तरी दुसरें काय? फांसे सरकारच्या हातीं असावे, खेळणाराच्या नसावे, हेंच तें तत्त्व. पण आम्हांस सर्वांत मार्मिक वाटला तो कौटिल्याचा पूर्वाचार्यांशीं मतभेद. आचार्य म्हणत कीं, तंटा झाल्यास हरणारास जिंकणाराहून अधिक दंड करावा. कौटिल्य म्हणतो, तसें केल्यास राजाकडे फिर्याद घेऊन कोणी येणारच नाहीं. फिर्यादीची वाट मोकळी ठेविल्याखेरीज कपट सांपडत नाहीं, हें त्यानें बरोबर हेरलें होतें. (द्यूत निराळें व खेळ निराळा हें आम्ही विसरलों नाहीं. पैसे लावून जाळ्यावर खेळण्यास ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायद्यानें बंदी केली, तें योग्यच झालें. येथें चाललेली गोष्ट पैशाची नसून अब्रूची आहे.)

आतां फिर्याद आल्यावर निवाडा कोणीं करावा? येथें या मंडळींनीं जी योजना काढली ती पाहून आम्ही थक्क झालों. लक्षावधि डावांचा न्याय करण्यास पगारी न्यायाधीश कोठून आणणार? तेव्हां त्यांनीं तो खेळाडूंवरच सोंपविला. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळांत २०१३ सालापासून अनेक वर्षें अशी पद्धति होती कीं, ज्याच्याविरुद्ध फार तक्रारी येत त्याच्या खेळाचें चित्रण जुन्या अनुभवी खेळाडूंस दाखवीत. आरोपीचें नांव झांकलेलें असे. पाहणारानें फक्त इतकेंच सांगावयाचें कीं, वाजवी संशयास जागा न राहतां अपराध सिद्ध होतो, अथवा पुरावा अपुरा आहे. ज्याचे पूर्वीचे निकाल बरोबर ठरले असत त्याच्या मतास अधिक वजन. पुढें या पंचांच्या निकालांवरच यंत्रास शिकवून शहाणें केलें गेलें. 'लिचेस' नांवाचें बुद्धिबळाचें विनामूल्य स्थळ २०१० पासून देणग्यांवर चाललें आहे. तेथेंहि यंत्र संशयितांची निवड करून देतें, परंतु देखरेखीचें पुष्कळसें काम हौशी स्वयंसेवकच करतात.

आमच्या पौड खोऱ्यांतील व मुठें खोऱ्यांतील जुन्या लोकांस हें नवें वाटावयाचें नाहीं. शिवकालांत व पेशवाईंत वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार, शेजारच्या गांवचे जाणते, सर्व मिळून साक्षी घेत आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर आपापलीं निशाणें करीत: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, आणि ज्याचें जें हत्यार असेल तें. एकमत न झाल्यास दिव्य करीत. कढत्या तेलातुपांतून धातूचा रवा काढावयाचा. मग हात पिशवींत बांधून वर मोहर करावयाची, आणि कांहीं दिवसांनीं उघडून पाहावयाचें. जिंकणारानें सरकारांत हरकी भरावी, हरणारानें गुन्हेगारी. दोघांकडूनहि सरकारची प्राप्ति होई, तेव्हां तंटे वाढावे असें कोणास वाटलेंच नसेल असें छातीठोकपणें सांगवत नाहीं.

याच जातीचा दोष नव्या गोतसभेंतहि शिरला. 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळांत २०११ मध्यें खेळाडूंचें एक न्यायमंडळ स्थापन झालें. शिवीगाळ करणारे, डाव अर्धवट टाकून जाणारे, मुद्दाम हरणारे, अशांचे खटले त्यापुढें येत. (खेळतां खेळतां एकमेकांस लिहून कळविण्याची जी सोय असते तींतील भाषा आम्हीं एकदां नातवाच्या खांद्यावरून वाचली. यात्रेच्या आखाड्यांतसुद्धां असली भाषा आम्हीं ऐकिली नव्हती, आणि मुळशींतील आखाडे आम्हीं कमी पाहिलेले नाहींत.) या मंडळांत ज्याचें मत बहुमताशीं जुळे त्यास आरंभीं खेळांतील थोडें बक्षीस मिळत असे. मग कागद वाचण्याची तसदी कोण घेणार? बहुतेक आरोपी दोषी ठरतात हें ध्यानांत आलें कीं, डोळे मिटून 'दोषी' म्हणावें आणि बक्षीस घ्यावें. बक्षीस मागाहून बंद झालें. मंडळहि २०१४ मध्यें गुंडाळलें गेलें. आणि गोतसभेचें खरें बळ यांच्यापाशीं नव्हतेंच. गांवचा पंच चुकला तर दुसऱ्या दिवशीं त्यास त्याच पाणवठ्यावर जावें लागे. येथें पंचास आरोपीचें तोंड दिसत नाहीं आणि आरोपीस पंचाचें. त्यामुळें पक्षपात टळतो खरा, लाजहि टळते.

निवाडा चुकला म्हणजे काय होतें, हें आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९९१ सालीं आम्ही परीक्षेच्या वेळीं एका वर्गावर देखरेख करीत होतों. एका मुलाच्या बाकाखालीं चिठ्ठी सांपडली. आम्हीं त्याचा पेपर काढून घेतला व जागच्या जागीं अहवाल लिहिला. मुलगा "माझी नाहीं" एवढेंच म्हणत होता. सर्वच तसें म्हणतात. दोन दिवसांनीं त्या चिठ्ठीवरील अक्षर मागच्या बाकावरील मुलाचें निघालें. तोंवर कागद वर गेले होते, आणि वर गेलेला कागद खालीं आणणें आमच्या आवांक्याबाहेरचें होतें. मुलाचें वर्ष गेलें. आज तो चांगला संसारी गृहस्थ आहे व बाजारांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेणें आम्हांस अजून जड जातें. नातवाच्या पत्राकरितां आम्हीं चार दिवस मागून घेतले, त्याचें मूळ कारण हें होतें.

मोठ्या लोकांच्या निवाड्यांतहि असे पेंच पडतात. २०२० च्या ऑगस्टांत जागतिक बुद्धिबळ संघटनेनें देशादेशांची स्पर्धा प्रथमच जाळ्यावर भरविली. भारताच्या संघाचे नायक नाशिकचे विदित गुजराथी होते, आणि नागपूरची दिव्या देशमुख ही मुलगी त्यांत खेळत होती. आर्मीनियाशीं झालेल्या सामन्यांत त्यांच्या एका खेळाडूचा संबंध तुटून डाव गेला. त्यांनीं दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि त्यांनीं सामना सोडून दिला. दोनच दिवसांनीं, ३० ऑगस्ट रोजीं, रशियाबरोबरच्या अंतिम सामन्यांत जगभर जाळें बिघडलें आणि दिव्या व निहाल सरीन यांचे डाव वेळ संपून गेले. आतां दाद मागणारे आपण होतों! संघटनेच्या अध्यक्षांनीं दोन्ही देशांस विजेते ठरविलें. आपल्याकडे पेढे वांटले गेले. त्या पेढ्यांबरोबर आर्मीनियाची आठवण कितीजणांनीं केली असेल? दिव्यानें पुढें २०२५ च्या जुलैंत बातुमी येथें स्त्रियांचा विश्वचषक समोरासमोर बसून जिंकला, आणि त्यास कोणत्याहि तारेची गरज पडली नाहीं, हें मात्र सांगितलेंच पाहिजे.

उलट बाजूहि पाहावी. २०१८ च्या ऑक्टोबरांत शांघाय येथें एका स्पर्धेंत भारतीय संघाच्या एका खेळाडूच्या यंत्रांत नेम धरणारी आज्ञावलि सांपडली. तिला त्यानें साध्या लेखनसाहित्याचें नांव दिलें होतें. पंच यंत्र तपासावयास आले असतां तो ती घाईघाईनें पुसूं पाहत होता. त्याच्यावर ५ वर्षांची बंदी आली. पण ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें त्या त्याच्या चार सोबत्यांचा संघहि मोडला. १३ जून २०२१ रोजीं कोविड-साहाय्यासाठीं विश्वनाथन् आनंद यांनीं अनेकांशीं एकदम खेळ केला, तेव्हां एका तरुण धनिकानें त्यांस हरविलें व दुसऱ्या दिवशीं यंत्राची आणि जाणकारांची मदत घेतल्याचें कबूल केलें. तो तर धर्मादाय गमतीचा डाव होता! तेथेंहि जिंकण्याचा मोह आवरला नाहीं. आणि २०२२ च्या सप्टेंबरांत जगज्जेता कार्लसन ज्याच्याशीं हरून स्पर्धा सोडून गेला, त्या अमेरिकन तरुणानें बाराव्या व सोळाव्या वर्षीं जाळ्यावर कपट केल्याचें स्वतःच सांगितलें होतें. समोरासमोरच्या त्या डावांत त्यानें कांहीं लबाडी केल्याचें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. तरी बाराव्या वर्षींची ती गोष्ट सगळ्या जगानें चघळली, ७२ पानांचा अहवाल निघाला, दहा कोटि डॉलरांचा दावा झाला, आणि २०२३ मध्यें आपसांत मिटला. बारावें वर्ष! आमचा नातू तेरा वर्षांचा.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं आमचा जुना लांकडी पट काढला. त्यांतील एक प्यादें हरवल्यामुळें त्या जागीं सुपारी ठेवावी लागते. नातवास म्हटलें, "तुझा सर्वांत चांगला डाव मांड." त्यानें गेल्या महिन्यांतील एक डाव मांडला. खेळ्या त्यास पाठ होत्या. एकोणिसाव्या खेळीस त्यानें उंट एका प्याद्यावर देऊन टाकला होता, आणि त्याचें फळ सात खेळ्यांनंतर येत होतें. आम्हांस बुद्धिबळ बेताचेंच येतें, पण प्रश्न विचारतां येतो.

"अरे, हा उंट येथें कां दिलास?"

तो पटाकडे पाहत राहिला. नंतर त्यानें ती सुपारी उचलली आणि हातांत फिरवूं लागला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "आजोबा, मला नाहीं माहीत."

मग सर्व बाहेर आलें. अकरा डाव. पहिला कां, असें विचारतां तो म्हणाला कीं, माघांत चुलत भावाच्या मुंजींत त्याच्या वडिलांनीं पंगतींत बसलेल्या प्रत्येकास त्याचें मानांकन सांगितलें होतें. त्यानंतर लागोपाठ नऊ डाव हरल्यामुळें आंकडा दीडशेंनीं उतरला. आणि घरांत रोज कोणी ना कोणी विचारीत असे, "आज किती झाले?" विचारणारांत आम्हीहि होतों, आम्ही तर तो आंकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवीत असूं.

पुतण्यास हें सांगतांना आम्हांस पुष्कळ शब्द गिळावे लागले. तो मुलावर हात उगारून उठला, आणि दिनदर्शिकेकडे लक्ष जातांच खालीं बसला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या दिवशीं त्यांनीं नातवास आपल्याजवळ जेवावयास घेतलें.

पत्र शेवटीं गेलें, पण तें आम्हीं लिहिलें नाहीं व त्यांत वकिलाची भाषाहि नव्हती. मुलानें स्वतःच्या इंग्रजींत सहा ओळी लिहिल्या. त्यांत दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करण्याचा मोह आम्हीं आवरला. दहा दिवसांनीं उत्तर आलें कीं, जुनें खातें उघडणार नाहीं. कबुली दिल्यामुळें एकदांच नवें उघडण्यास मोकळीक आहे, पुनः असें घडल्यास तीहि नाहीं. ज्या अकरा जणांशीं तो कपटानें जिंकला होता त्यांचे बुडालेले गुण त्यांस परत मिळाले असेंहि त्यांत होतें. आम्हांस तें उत्तर वाजवी वाटलें. तें लिहिणारा पगारी कारकून होता, स्वयंसेवक पंच होता, कीं यंत्रच होतें, हें कळण्यास मार्ग नाहीं.

श्रावणांत घरीं सत्यनारायणाची पूजा झाली तेव्हां पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनीं पंगतींत विचारलेंच, "काय रे, आतां किती मानांकन?" पुतण्यानें मान खालीं घातली. वहिनी वाढतां वाढतां थांबल्या. मुलगा "नऊशें चाळीस" म्हणाला, आणि त्यानें पानांत आणखी थोडा शिरा मागितला.